निळं पाणी, दहा मीटर

ओकुदा-साननी विचारलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. तोक्योत, हिगाशी-कसाईत आमच्या घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर आठवड्याला परदेशी लोकांना फुकट जपानी शिकवतात. शिकवणाऱ्या बहुतेक जणी निवृत्त आज्या. माझ्या वाट्याला ओकुदा-सान आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या आणि चूक सापडली की डोळे बारीक करणाऱ्या.

"मानसी-सान, पुण्यात तुम्ही काय करत होता?"

"शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. नववी-दहावीला."

"मग इथे का नाही शिकवत?"

"इथे मी बेंतोच्या कारखान्यात डब्यांत भात भरते."

"कुठे काम करता ते नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याची कंपनी आम्हाला जपानला घेऊन आली तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. मग मधे दोन हजार अकराचा मोठा भूकंप झाला. मी लेकीला घेऊन पुण्याला गेले, दोन महिन्यांनी परत आले, आणि बघता बघता त्यालाही पाच वर्षं झाली. या सगळ्या काळात मी एकदाही फळ्यासमोर उभी राहिले नव्हते.

ओकुदा-सानचं माहेर मियागी प्रांताच्या किनाऱ्यावरचं एक छोटं गाव. तिथे त्यांची धाकटी बहीण, फुमिए-सान, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं शिबिर चालवते. त्यात विज्ञानाचा एक तास हवा होता. आणि आमच्या भागात शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणारा एक क्लब आहे, तिथे ओकुदा-साननी माझं नाव आधीच सुचवून ठेवलं होतं. क्लबवाले माझ्या उत्तराची वाट पाहत होते आणि मी टाळत होते, कारण माझं जपानी दुकानात पुरतं, वर्गात पुरेल असं मला वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी भांडी घासताना मी मनाशी ठरवलं. मियागीला जायचं. तो एक तास जपानीत निभावला तर क्लबला हो म्हणायचं. नाही निभावला तर शिक्षिका हा शब्द स्वतःबद्दल पुन्हा वापरायचा नाही.

काय दाखवायचं?

विषय शोधावा लागला नाही. तोरिचेल्लीचा हवेच्या दाबाचा प्रयोग. पुण्यात वर्षानुवर्षं मी तो फळ्यावर काढत आले होते: एका टोकाला बंद काचेची नळी, त्यात पारा, खाली पाऱ्याची वाटी, आणि नळीतला पारा शहात्तर सेंटिमीटरवर थांबलेला. पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर नळी दहा मीटरहून उंच लागेल, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की झोपेतही म्हणेन. पण ते दहा मीटर मी स्वतः कधी पाहिले नव्हते. आता पारा मुलांसमोर आणता येत नाही, आणि योग्यच आहे ते. म्हणून पाणी.

होम सेंटरमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, बारा मीटर पारदर्शक होज आणला आणि आमच्या इमारतीच्या बाहेरच्या जिन्यावर प्रयोग सुरू केला. पहिला होज वर ओढताच चप्पट झाला. बाहेरची हवा त्याला दाबणार हे मी, भौतिकशास्त्राची बाई, विसरले होते! मग आतून दोऱ्याची जाळी असलेला जाड होज घेतला. या वेळी पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांनी वर जमली आणि पाणी हवं त्याच्या बरंच खाली थांबलं. मग पाणी उकळून, निववून भरायला लागले.

"अगं, तू नक्की मियागीला चालली आहेस की नळदुरुस्तीचं दुकान टाकते आहेस?" समीर, माझा नवरा, खाली बादली धरून ओरडला.

"तू बादली हलवू नकोस!"

इमारतीचे केअरटेकर आजोबा दोनदा बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला वाटलं, झालं, आता बंद करायला सांगणार. त्यांनी समीरच्या हातातली बादली घेतली आणि म्हणाले, "यांना घरी जाऊ द्या. यांचा हात थरथरतोय." त्या दिवशी पाणी पाचव्या मजल्याच्या कठड्याजवळ थांबलं (इथे तळमजलाच पहिला धरतात), आणि मी वर उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या.

तोक्योहून निघताना

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर व्यवहाराचं आधी सांगते. तोक्यो ते सेंदाई शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास, एका बाजूचं तिकीट अकरा हजार येनच्या आसपास. रात्रीची हायवे बस त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत नेते, पण पाठ चाळिशीची असेल तर विचार करा. सेंदाईपुढे लोकल गाड्या बदलत जायचं. गाड्या कमी आहेत, एक चुकली तर स्टेशनावर तासभर बाकावर. सोबत रोख पैसे ठेवा.

माझ्यासोबत माझी लेक ईरा होती, सहावीतली. मी मराठीत बोलते आणि ती जपानीत उत्तर देते, असा आमच्या घरचा रिवाज आहे. होजचं वेटोळं मावेल एवढी बॅग एकच होती, समीरची ऑफिसची. ती तिच्या पायांशी ठेवलेली.

"आई, तू तास पाठ केलायस ना?"

"केलाय."

"मग म्हण."

मी म्हटला. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मधे तीनदा म्हणाली, "असं कोणी बोलत नाही." चौथ्यांदा म्हणाली, "हे चालेल, पण म्हाताऱ्या बाईसारखं वाटतं." मी ते तसंच ठेवलं. ओकुदा-सानकडून शिकलेलं जपानी आजीसारखं वाटणारच.

शेवटचा टप्पा बसचा, आणि ही बस मी विसरणार नाही. त्या किनाऱ्यावरची रेल्वे त्सुनामीत वाहून गेली. रूळ पुन्हा टाकण्याऐवजी त्याच पट्ट्यावर काही ठिकाणी डांबर घातलं आहे आणि त्यावरून फक्त बस जाते. बोगदे रेल्वेचे, पूल रेल्वेचे, फलाटही जुन्या स्टेशनांचे, आणि येते ती लाल बस. बाहेर जिथे तिथे पिवळी यंत्रं मातीचे ढीग उचलत होती. गावंच्या गावं उंच करण्यासाठी भर घालत होते. समुद्र मात्र दिसत नव्हता. मधे राखाडी भिंत उभी राहत होती.

ईराने विचारलं, "समुद्राकाठी राहून समुद्र दिसत नसेल तर लोकांना कसं वाटत असेल?"

मीही मान उंचावून भिंतीपलीकडे बघायचा प्रयत्न केला.

मुक्काम घरगुती अतिथीगृहात, जपानीत मिन्शुकु. रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून माणशी आठेक हजार येन. आम्ही शाकाहारी. तुम्हीही असाल तर आधीच कळवा, आणि "मासे नको" एवढंच सांगू नका, कारण सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात माशाचा अर्क असतो. मालकीणबाईंनी आमच्यासाठी शैवालाच्या पाण्यात भाज्या शिजवल्या होत्या. मी गरम भातावर पुण्याहून आणलेलं मेतकूट घातलं. त्यांनी वाकून बघितलं, चिमूटभर चाखलं आणि आपल्या भातावर चांगलं चमचाभर घेतलं.

शाळेचा जिना

शिबिर एका बंद पडलेल्या शाळेत होतं. उतारावरची तीन मजली इमारत. मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद केली, पण इमारत दुरुस्त करून मुक्कामाच्या शिबिरांसाठी वापरतात. फुमिए-सान फाटकात उभ्या होत्या. बहिणीसारखेच डोळे बारीक करणाऱ्या, पण आवाज मोठा. पूर्वी याच शाळेच्या स्वयंपाकघरात त्या मुलांचं जेवण बनवत.

"ताईने फोनवर सांगितलं, शिक्षिका येतेय, खूप घाबरलेली आहे, तिच्याशी प्रेमाने बोलू नकोस. प्रेमाने बोललं तर रडेल," त्या म्हणाल्या. "पाणी किती उकळायचं?"

कढीच्या भांड्याहून मोठ्या, शिबिराची करी होते त्या पातेल्यात आम्ही पाणी उकळलं. ते निवेपर्यंत मी जिना बघून आले. इमारतीच्या बाहेरून थेट गच्चीपर्यंत जाणारा लोखंडी जिना, बाजूला पांढरी भिंत. पाणी दिसायला याहून चांगली जागा नाही. त्या भिंतीवर तळमजल्याच्या छताच्या उंचीला एक छोटी पाटी होती: त्सुनामीचं पाणी इथपर्यंत. त्या दिवशी गावातले लोक आणि शाळेतली मुलं याच जिन्याने गच्चीवर गेली होती, हे फुमिए-साननी फाटकापासून चालताना सांगितलं होतं. पाटीसमोर मी हात जोडून उभी राहिले. मग दोरी कुठे बांधायची ते बघायला लागले. हे दोन विचार माझ्या डोक्यात एकमेकांशेजारी होते आणि त्यांची भेट झाली नाही.

निवलेल्या पाण्यात मी नीळ घातली. पुण्याच्या शाळेत प्रयोगशाळेतलं पाणी दिसावं म्हणून आम्ही नेहमी कपड्यांची नीळ घालायचो. बॅगेतून खास ती बाटली नेली होती. नळीत पाणी सुंदर दिसत होतं. अगदी भर समुद्रासारखं.

जेवणाआधी तास सुरू झाला. आठ ते बारा वयाची मुलं अंगणात मांडी घालून बसली. मागे गावातल्या काही बायका, शिबिरात मदतीला आलेल्या. पहिलं वाक्य पाठ होतं, ते म्हटलं. दुसरंही.

"इटलीत गॅलिलिओ नावाचा शास्त्रज्ञ होता."

"माहितीये!" पुढची मुलं ओरडली. माझ्या खांद्यांवरचं ओझं निम्मं उतरलं.

मी सांगितलं, की विहिरीचं पाणी ओढणारा पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी खेचू शकत नाही, हे गॅलिलिओला एका पंप दुरुस्त करणाऱ्याकडून कळलं होतं. त्याला वाटलं, लांबलचक दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा खांब तुटत असणार. "पण इथे गॅलिलिओ चुकला."

"गॅलिलिओ? चुकला?" पहिल्या रांगेतली मिओ नावाची दहा वर्षांची मुलगी एकदम ताठ बसली. तिला फारच आनंद झाला.

मग रोममध्ये बेर्ती नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या घराच्या भिंतीला उंच नळी लावून पाणी कुठे थांबतं ते पाहिलं, ते सांगितलं. मग तोरिचेल्ली, गॅलिलिओच्या शेवटच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला. त्याने ओळखलं की वरून कोणी पाण्याला खेचत नाही, खालून हवा ढकलते. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा पाठ केलं होतं. ते न अडखळता आलं.

आता प्रयोग. होज काठोकाठ भरलेला, एक टोक बंद, दुसरं उघडं टोक ईराजवळच्या बादलीत बुडवलेलं. मी बंद टोकाची दोरी घेऊन गच्चीवर गेले आणि ओढायला लागले. मुलं मोठ्याने मोजत होती, एक मीटर, दोन मीटर. तीन. मग आवाज विरला.

मला वाटलं, मुलांना कळत नाहीये. माझ्या जपानीत काहीतरी चुकलं. कठड्यावरून वाकून मी आणखी मोठ्याने, स्पष्ट, ओकुदा-साननी शिकवलं तसं म्हणाले, "बघा, पाणी वर येतंय! अजून वर येतंय!"

मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि तोंडावर टॉवेल धरून स्वयंपाकघराकडे गेल्या.

मग लोखंडी जिन्यावर पावलांचा आवाज आला. ईरा धावत वर आली होती. माझ्या हाताला धरून ती म्हणाली, आणि या वेळी चक्क मराठीत म्हणाली, "आई, थांब. खाली पाटी बघ."

मी पाहिलं. पांढऱ्या भिंतीवरून निळं पाणी त्या पाटीला ओलांडून वर चढलं होतं, आणि मी गच्चीवरून ओरडत होते की ते अजून येतंय.

हातातली दोरी सोडून द्यावी, पाणी बादलीत जाऊ द्यावं, बॅग उचलून बसथांब्यावर जाऊन बसावं, एवढंच मनात आलं. मी दोरी कठड्याला बांधली आणि खाली उतरले. पाठ केलेलं एकही वाक्य या प्रसंगासाठी नव्हतं. मी फुमिए-सानसमोर कमरेत वाकले. "माझी चूक झाली. मी विचार केला नाही. आत्ता काढून टाकते."

त्यांनी वर नळीकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणालात ना, ते एका ठिकाणी थांबतं?"

"हो."

"मग थांबलेलं दाखवा. अर्ध्यावर ठेवून जाऊ नका." त्या मुलांकडे वळल्या. "ज्यांना नको असेल त्यांनी आत चला, काकड्या चिरायच्या आहेत. ज्यांना बघायचंय त्यांनी वर जाऊन सेन्सेईला दोरी ओढू लागा."

काकड्या चिरायला दोघी-तिघी गेल्या. बाकीची मुलं जिना चढून आली. सेन्सेई, शिक्षिका, हा शब्द मला उद्देशून होता हे कळायला मला दोन पायऱ्या लागल्या.

आम्ही मिळून ओढलं. पाणी दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवरून गेलं, तिसऱ्याच्या खिडक्यांवरून गेलं, आणि गच्चीच्या जरा खाली थांबलं. नळीचं टोक वर येत राहिलं, पाणी आलं नाही. मधे रिकामी जागा वाढत गेली.

"अजून ओढू?" मुलं म्हणाली.

"ओढा."

त्यांनी दोरी हात उंच करून धरली, कठड्यापाशी चवड्यांवर उभी राहिली. मी मागून दोघांच्या टीशर्टला धरून ठेवलं. पाणी होतं तिथेच. खालून फुमिए-सान ओरडल्या, "थांबलं का?" आणि वरून सगळी मुलं एका सुरात, "थांबलं!"

मग मिओने विचारलं. दोरी तशीच धरून, माझ्याकडे न बघता. "सेन्सेई, म्हणजे समुद्रपण दहा मीटरच्या वर येऊ शकत नाही?"

ईरा माझ्याकडे बघत होती. हो म्हणणं किती सोपं होतं. एका शब्दाचं जपानी, आणि तेवढ्याने त्या मुलीची झोप सुधारली असती कदाचित. मी आई आहे, माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

"येऊ शकतो," मी म्हणाले. पुढचं वाक्य माझं मलाच जुळवायचं होतं, पाठ केलेलं काहीच नव्हतं. "ही हवेची मर्यादा आहे. हवा पाण्याला एवढंच उचलू शकते. त्या दिवशी समुद्राला हवेने नाही उचललं. समुद्राखालच्या जमिनीने उचललं. जमिनीची मर्यादा मला माहीत नाही."

माझं व्याकरण कुठेतरी चुकलं असणार. मिओने मान हलवली.

"मग जमीन हलली की जिना," ती म्हणाली, जसं काही पाढा म्हणावा.

"जिना, आणि जिन्यावर न थांबता मागचा डोंगर," दुसरी एक मुलगी तिला सुधारत म्हणाली. लगेच त्यांच्यात वाद लागला, की गच्चीवरून डोंगराकडे जायचा पूल नवा झाला आहे तो धरायचा की खालचा रस्ता. मला कोणी विचारलं नाही. दोरी माझ्या हातात देऊन सगळी तो पूल बघायला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

जेवायला करी-राइस होता, आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात, बटाटे-गाजराचा. टॉवेल घेऊन गेलेल्या बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी माझ्या ग्लासात थंडगार मुगी-चहा ओतला, भाजलेल्या सातूचा तो तपकिरी चहा, उन्हाळ्यात जपानी घरात पाण्याऐवजी पितात तो.

फुमिए-सान त्या चहाच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हा भरा नळीत. दिसेल छान. निळा नको."

पुढच्या वर्षी. मी ग्लास तोंडाला लावला, म्हणजे मला लगेच बोलावं लागलं नाही.

घरी

परतीच्या बसमध्ये ईरा माझ्या खांद्यावर झोपली. शिनकानसेनमध्ये स्टेशनावरचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाल्ले, आलुबुखाराच्या लोणच्याचे. हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावेत, प्रत्येक कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतात.

या प्रवासातून तुमच्यासाठी काय सांगावं? जा, एवढं नक्की. तिथे बघायला गेलेल्या माणसांचा लोकांना राग येत नाही, असं मला दिसलं. अशा अतिथीगृहात राहा, बसने फिरा, त्यांचं वाकामे शैवाल विकत घ्या, आमटीतही चालतं. फक्त पाट्या नीट वाचा. मी वाचली होती आणि तरी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनकडे जाताना ईरा एका विजेच्या खांबापाशी थांबली. आमच्या घरापासून चार पावलांवरचा खांब. त्यावर माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर एक पट्टा आणि खाली जपानीत मजकूर. आमचा भाग सखल, दोन्ही अंगांना नद्या आणि समोर समुद्र. मोठ्या पुरात पाणी कुठवर येऊ शकतं, ते त्या पट्ट्यावर लिहिलं होतं. इतकी वर्षं मी त्या खांबाला सायकल टेकवत आले आहे.

"आपला तिसरा मजला चालेल?" तिने विचारलं.

आम्ही दोघींनी खांबाकडे पाहिलं, मग इमारतीकडे. पाचव्या मजल्याच्या कठड्याला मी खूण म्हणून लावलेली लाल चिकटपट्टी अजून होती. दहा मीटर कुठे येतात ते त्या रस्त्यावर बहुधा आम्हा दोघींना आणि केअरटेकर आजोबांनाच माहीत होतं.

"चालेल. पण पाचव्यावर जाऊ," मी म्हणाले. "सगळ्यांना घेऊन."

मग तिथेच, खांबापाशी उभी राहून, मी क्लबला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पहिल्या तासाला काय दाखवाल आणि काय काय सामान लागेल.

"बारा मीटर होज माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "नळीत भरायला उकळलेला मुगी-चहा लागेल, भरपूर. आणि तास आत नको. आपण आधी मुलांना बाहेर नेऊन एक खांब दाखवू."